०.३५ मोठं की ०.५?

परवा वर्गात एक साधा प्रश्न विचारला, ०.३५ मोठं की ०.५? तोंडी विचारला असता तर काय झालं असतं ते मला पाठ आहे, पुढच्या बाकांवरचे नेहमीचे चार-पाच हात वर येणार, त्यातलं कोणीतरी बरोबर सांगणार, मी शाब्बास म्हणणार आणि पुढच्या गणिताकडे वळणार. पण त्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात एक छापील कार्ड होतं आणि माझ्या हातात माझा मोबाईल. प्लिकर्स नावाचं ॲप आहे, त्यात कार्डाची कुठली बाजू वर धरलीय त्यावरून अ, ब, क की ड ते कळतं, प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असते त्यामुळे शेजाऱ्याचं बघून धरण्यातही अर्थ नाही. कॅमेरा वर्गावरून फिरवला आणि स्क्रीनवर आलं की अर्ध्याहून जास्त वर्गाला ०.३५ मोठं वाटतंय.

खरं सांगते, धस्स झालं. आठवडाभर दशांश अपूर्णांक शिकवत होते, वह्या तपासल्या होत्या, सगळं बरोबर होतं. मग घरी जाऊन त्याच वह्या परत बघितल्या तेव्हा लक्षात आलं, मी दिलेल्या प्रत्येक जोडीत दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांची संख्या सारखीच होती, ०.३५ आणि ०.५२, ०.७ आणि ०.४ असं. तिथे चिन्ह विसरून नुसतं ३५ आणि ५२ बघितलं तरी उत्तर बरोबरच येतं! म्हणजे मुलांची समजूत चुकीची होती आणि माझी गणितं ती झाकून ठेवत होती.

वर्गात मात्र मी उत्तर सांगितलं नाही, शेजारच्याशी बोला आणि त्याला पटवा एवढंच म्हटलं. खिडकीजवळची एक मुलगी ठामपणे म्हणत होती, "३५ मोठेच ना पाचापेक्षा." तिच्या शेजारणीने वहीत एक पट्टी काढली, दहा भाग केले, पाच रंगवले आणि म्हणाली हे ०.५, आता ३५ म्हणजे शंभरातले ३५, मग या पट्टीत किती येतील? पहिली जरा वेळ बघत राहिली, बोटाने तीन भाग मोजले, चौथ्याच्या मध्यावर बोट थांबलं. मग काही न बोलता तिने कार्ड फिरवलं. मी इतकी वर्षं शिकवतेय पण "बाई, कळलं" या शब्दांवर आता तेवढा विश्वास ठेवत नाही जेवढा त्या फिरवलेल्या कार्डावर ठेवते.

ही पद्धत माझी नाही हं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती वापरायला घेतली, त्यांचे विद्यार्थी सूत्रांची अवघड गणितं सोडवायचे पण त्याच संकल्पनेवरचा साधा प्रश्न विचारला की अडकायचे. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग आपसात चर्चा, मग परत उत्तर. हे हात वर करूनही जमतं पण हात वर करताना मुलं एकमेकांकडे बघतात, आणि तिथेच खरं उत्तर हरवतं. ॲपमुळे शेवटच्या बाकावरचं न बोलणारं मूलही मला उत्तर देतं. कोणाचं काय आलं ते फक्त माझ्यापाशी ठेवते, पडद्यावर नावं कधीच दाखवत नाही, एकदा सगळ्यांसमोर चूक दिसली की ते मूल पुढच्या वेळी विचार न करता शेजाऱ्याचं धरतं.

विज्ञानालाही आता मी हाच क्रम ठेवते. फेट म्हणून मोफत सिम्युलेशन आहेत, म्हणजे संगणकावर करून बघायचे प्रयोग, नोबेल विजेते कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेली, डाउनलोड करून ठेवली की नेट नसतानाही चालतात. एकसर जोडणीत, म्हणजे एकाच तारेवर एकापुढे एक, दोन सारखे बल्ब लावले तर दुसरा मंद पेटेल का, हे आधी मुलांकडून लिहून घ्यायचं आणि मगच स्विच दाबायचा. बऱ्याच मुलांना वाटतं की पहिला बल्ब वीज "खाऊन टाकतो". दोन्ही सारखेच पेटलेले बघून जी कुजबुज सुरू होते ना, तिथून शिकवायला सुरुवात करायची. अंदाज न घेता नुसतं दाखवलं तर मुलं मजेत बघतात आणि समजूत जिथल्या तिथे राहते.

म्हणूनच शाळेत स्मार्टबोर्ड आला, टॅब आले म्हणून कोणी खूश झालं की मी विचारते, त्यावर मूल काय करणार आहे? एडिसनने १९१३ मध्ये सांगितलं होतं की चित्रपटांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, झाली का? पेरू देशात शाळेतल्या मुलांना लॅपटॉप वाटले गेले, त्यावरचा अभ्यास २०१२ मध्ये आला, गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक दिसला नाही. हातात यंत्र दिलं की शिकणं आपोआप होत नाही, आणि हे बोलल्यावर मला कोणी जुन्या विचारांची म्हटलं तर म्हणू दे.

अजून एक सांगायचंय, आठवड्याने तोच प्रश्न परत विचारा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने बाजी उलटली, ज्यांनी पुस्तक बाजूला ठेवून आठवून लिहिलं होतं ते पुढे गेले. ॲपमध्ये जुने प्रश्न साठलेले असतात त्यामुळे हे करायला मला पाच मिनिटं पुरतात.

येत्या सोमवारी दशांशाचा प्रश्न परत येणार आहे, पण या वेळी ०.४ आणि ०.४०, आणि चौथा पर्याय ठेवलाय "दोन्ही सारखे".