बाईंचे रंगीत खडू

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीचं पत्र आलं. मैदान, कवायत, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच. मला गणिताच्या बाईंपुढे दुसरं काही सुचत नाही, आणि त्यातही बैजिक राशींचा, म्हणजे अक्षरं-अंक मिळून होणाऱ्या पदावल्यांचा, धडा.

बाई फळ्यावर ५क्ष² − ३क्ष + ४ − २(क्ष² − ४क्ष + १) लिहायच्या. आधी कंस. बाहेरचा −२ आतल्या तिन्ही पदांना गुणणार: −२क्ष² + ८क्ष − २. निम्मा वर्ग इथेच घसरायचा. कुणी पहिल्याच पदाला गुणून मोकळा, तर कुणी उणे-उणे विसरून −८क्ष लिहिणारा. मग खडू निघायचे. क्ष² खाली पांढरी रेघ, क्ष खाली पिवळी, नुसत्या संख्येखाली गुलाबी. रेघ चिन्हापासून ओढायची, कारण डावीकडचं चिन्ह त्या पदाचंच. एका रंगाचे सहगुणक, म्हणजे अक्षराआधीचे आकडे, तेवढे मिळवायचे, घाताला, म्हणजे डोक्यावरच्या २ ला, हात लावायचा नाही. उत्तर ३क्ष² + ५क्ष + २, आणि इथे थांबायचं. हे थांबणंच अवघड. पुढे जाऊन ३क्ष² + ५क्ष चे ८क्ष³ करण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

ताळ्यासाठी बाई क्ष = ३ घ्यायला लावत. मूळ राशी ४४, उत्तरही ४४. क्ष = १ घेतलं तर ३क्ष² + ५क्ष आणि ८क्ष³ दोन्ही ८ येतात, चूक बेमालूम लपते.

मंडईतले आंबे-केळी मात्र बाईंनी वर्गात येऊ दिले नाहीत. अक्षर म्हणजे फळ नव्हे, संख्या. नाहीतर आंबा गुणिले केळं म्हणजे काय? आजही क्लासवाले फळंच मोजताना दिसतात आणि कखग आलं की मुलं अडतात. त्यापेक्षा भास्कराचार्य बरे. बाराव्या शतकात त्यांनी सजातीय, म्हणजे एकाच जातीच्या, राशींचीच बेरीज-वजाबाकी, विजातीय वेगळ्या ठेवाव्या, असं स्वच्छ सांगून ठेवलं. अज्ञातांना कालक, नीलक अशी रंगांची नावंही होती. बाईंचे खडू तिथूनच आले असावेत, असा माझा तर्क.

आता फळे पांढरे झाले, मार्कर आले. रंग आहेत, रेघा कुणी ओढत नाही.

संपादकांना एक विनंती. क्ष च्या डोक्यावरचा २ नीट वरच छापावा. खाली घसरला तर ५क्ष२ चे कुणीतरी १०क्ष करील, आणि बाईंच्या हाती अंक पडला तर लाल शाईतलं पोस्टकार्ड तुम्हालाच येईल.