एलएनबीचा ताप: भाग तिसरा

काल दुपारी हॅम रेडिओवाल्यांच्या क्यूओ-100 उपग्रहाचा बीकन, म्हणजे त्याचा सतत चालू असणारा खुणेचा सिग्नल, पुन्हा गायब. सकाळी साडेसातला वॉटरफॉलवर (संगणकावर दिसणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या चित्रात) सरळ रेघ होती, साडेबाराला बघतो तर स्वारी चाळीस किलोहर्ट्झ बाजूला. क्यूओ-100 बिचारा 25.9 अंश पूर्वेला गप्प बसलाय. भटकतोय तो माझा एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसून उपग्रहाचा सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा भाग.

आतला क्रिस्टल 25 मेगाहर्ट्झचा, त्याची 390 पट म्हणजे 9750; येणाऱ्या सिग्नलमधून एवढे मेगाहर्ट्झ वजा होतात. गच्चीवरच्या उन्हात क्रिस्टल नुसता शंभर हर्ट्झ सरकला की इकडे 39 किलोहर्ट्झचा घोळ. टीव्हीचा चॅनल ऐसपैस, त्याला ढिम्म फरक पडत नाही. आपला एसएसबी (हॅमवाल्यांचा बोलण्याचा सिग्नल) जेमतेम 2.7 किलोहर्ट्झचा!

आधी फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल गुंडाळला. (आई: "अंडी उबवायला ठेवलीस का?") सरकणं मंदावलं, थांबलं नाही.

पण त्याच थर्माकोलच्या कृपेने परवा रात्री अकराला बीकन तासभर जागचा हलला नाही आणि डीपी0जीव्हीएन हे कॉलसाइन ऐकू आलं! न्यूमायर, अंटार्क्टिकावरचं जर्मन केंद्र. त्यांना उपग्रह क्षितिजाला जवळपास टेकलेला दिसतो, तरी आवाज स्वच्छ. कॉलसाइन वहीत लिहिताना हात थरथरत होता. समोरच्याचं उत्तर यायला मध्ये बारीकशी पोकळी पडते, ती 36 हजार किलोमीटर वर जाऊन परत यायची. इन्मारसॅटच्या सॅटेलाइट फोनवरही तीच पोकळी. इरिडियमचे उपग्रह 780 किलोमीटरवरच, म्हणून तिथे ती कमी; पण ते सतत पळतात, त्यामुळे चालू कॉल एकाकडून दुसऱ्याकडे सोपवत राहावं लागतं. ट्रेकवाले मित्र विचारतात, सरळ सॅटफोनच घे ना. अरे, परवानगीशिवाय तो आपल्याकडे बाळगताही येत नाही.

असो. खरा उपाय टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी फारसा न सरकणारा क्रिस्टल. जुना क्रिस्टल सोल्डरिंग आयर्नने काढताना बोर्डावरचा तांब्याचा पॅडच उचकटून आला, एक एलएनबी कामातून गेला. वर ऑनलाइन मागवलेला टीसीएक्सओ 25 ऐवजी 26 मेगाहर्ट्झचा निघाला. पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दहा रुपये जास्त गेले असते, पण डोळ्यांनी बघून तरी घेतला असता.

परत पाठवणारच होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं: 26 गुणिले 390 म्हणजे 10140. बीकन 10489.75 वर, म्हणजे वजाबाकीनंतर उरणारी फ्रिक्वेन्सी (आयएफ) 349.75. संगणकाला जोडलेल्या रेडिओ डोंगलला ते आरामात ऐकू येतं! पीएलएल (क्रिस्टलची 390 पट करणारं सर्किट) लॉक होईल का आणि एलएनबीचा अ‍ॅम्प्लिफायर एवढ्या खाली साथ देईल का, एवढाच प्रश्न. परत पाठवणं रद्द. दुसरा एलएनबी उघडतोय, या वेळी हॉट एअरने.