झोपलेल्या कंदांचा धंदा

फेब्रुवारीत कोणी "नर्सरी बघायला येऊ का?" असं विचारलं, तर मी सरळ नको म्हणतो. बघायला काही नसतंच. शेडनेटखाली मातीने भरलेल्या सातआठशे कुंड्या, प्रत्येकीत एक पांढरी पट्टी, पट्टीवर नाव आणि साल. हिरवं म्हणावं असं एक पान नाही. २०१३ साली बँकेचे साहेब कर्जाच्या पाहणीला नेमके याच महिन्यात आले. एक चक्कर मारली, एका कुंडीतली माती बोटाने उकरली आणि म्हणाले, "झाडं कधी आणणार आहात?" मी म्हटलं, "साहेब, आहेत ना. झोपलीयेत." कर्ज मिळालं नाही. तेव्हा फार लागलं होतं. आता वाटतं, त्यांच्या खुर्चीत मी असतो तरी सही केली नसती.

आमची जागा कर्जत तालुक्यात आहे, दीड एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. आम्ही सुरण, शेवळा आणि त्यांच्या भाऊबंदांचे कंद वाढवतो आणि विकतो. ही सगळी अळूच्या कुळातली मंडळी, पण अळूसारखी सोज्वळ नाहीत. यांच्यातल्या बहुतेकांच्या फुलांना कुजलेल्या मांसाचा वास येतो. गावात आमच्या जागेला 'वासवाल्यांची बाग' म्हणतात. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं तरी तो बरोबर आणून सोडतो.

सुरुवात मात्र वासापासून झाली नाही, पोटापासून झाली. मी खोपोलीजवळच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होतो. २००८ मध्ये कारखाना बंद पडला. वडिलार्जित जमिनीत विहीर होती, तिला मार्चपर्यंत पाणी. भाजीपाला करायला हे पाणी पुरेना. आई म्हणाली, "सुरण लाव. त्याला उन्हाळ्यात पाणीच लागत नाही." तिने परसात आयुष्यभर सुरण लावला होता: एकदा गड्डा पुरला की तीन वर्षं विसरायचा, घरात कार्य निघालं की खणायचा. मी बाजारासाठी लावायचा म्हणून गजेंद्र जातीचं बियाणं आणलं. हा वाण मूळचा आंध्रातल्या कोव्वूरकडचा. खाज फारच कमी, गड्डा गुळगुळीत, बाजूला पिल्लं नाहीत. अर्धा किलोचे तुकडे, प्रत्येक तुकड्याला मधल्या डोळ्याचा थोडा भाग आलाच पाहिजे, शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवायचे आणि मेअखेर लावायचे. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून लोळली की काढणी. माल वाशीच्या मार्केटला. आजही घर चालतं ते या सुरणावरच, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगणार आहे त्याने नाव झालं. पैसे भाजीने दिले.

२०१० च्या मे महिन्यात घरात मेलेल्या उंदराचा वास सुटला. बायकोने माळा उपसला, मी कौलं काढून बघितली. दुसऱ्या दिवशी ती मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेली आणि तिथूनच ओरडली. काढणीत राहून गेलेला एक मोठा गड्डा फुलला होता. पान नाही, देठ नाही. जमिनीतून थेट वर आलेला जांभळट तपकिरी घेर, आणि त्याच्या मधोमध सुरकुतलेला, मेंदूसारखा दिसणारा गोळा. माश्या तर होत्याच, पण काळे किडेही आत उतरत होते. मी हात लावून पाहिला, तर गोळा कोमट!

कारखान्यात गंधकाच्या वासाशी रोजची ओळख होती, त्यामुळे नाकाला काहीतरी ओळखीचं वाटत होतं. पुढे वाचल्यावर उलगडा झाला. या फुलांच्या वासात डायमिथाइल डायसल्फाइड, ट्रायसल्फाइड अशी गंधकाची संयुगं असतात, सडत्या मांसातून येतात तीच. तो गोळा ज्याच्या टोकाला असतो तो दांडा स्वतःला तापवतो, हा वास लांबवर जावा म्हणून. पहिल्या दिवशी तळातली मादीफुलं तयार असतात आणि वासाचा जोर तेव्हाच. किडे मेजवानीच्या आशेने येतात आणि फसतात. दुसऱ्या दिवशी वास ओसरतो, वरची नरफुलं पराग सोडतात आणि माखलेले किडे पुढच्या फुलाकडे फसायला जातात. म्हणजे जवळ दुसरं फूल त्याच सुमाराला उमललेलं नसेल तर बी धरणं अवघड. आपण ज्याला फूल म्हणतो तो खरं तर शेकडो बारीक फुलांचा दांडा. हे सगळं नाटक दोनतीन दिवसांचं. त्यानंतर जमिनीतून एकच पान येतं, छत्रीएवढं. ज्याला लोक खोड समजतात तो त्या पानाचा देठ.

त्या फुलाचा फोटो पुण्याच्या एका झाडवेड्या गृहस्थांनी पाहिला आणि कंद मागितला. मी संकोचाने एक आकडा सांगितला, त्यांनी घासाघीस केली नाही. बायको म्हणाली, "भाजीचा सुरण किलोवर जातो, आणि हा वासाचा नगावर?" आमच्या धंद्याचं याहून चांगलं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

मग नाद लागला. पानाच्या सांध्यांवर बटाट्यासारखी छोटी पिल्लं धरणारा बल्बिफर आणला. तो इतक्या सहज वाढतो की आता नवख्या गिऱ्हाइकाला मी तोच देतो. 'व्हूडू लिली' म्हणून विकला जाणारा सॉरोमॅटम आणला. हा कंद माती-पाण्याशिवाय टेबलावर ठेवला तरी फुलतो. त्याच्या दांड्याला तापण्याचा निरोप देणारं द्रव्य म्हणजे सॅलिसिलिक आम्ल, ॲस्पिरिनच्या घराण्यातलं, हे १९८७ साली सिद्ध झालं. कोंजॅकही करून पाहिला, जपानी लोक ज्याचा कोन्याकू करतात तो. कर्जतचा मे त्याला सोसला नाही. सोडून दिला.

सगळ्यात मोठी चूक २०१३-१४ च्या हिवाळ्यात झाली, आणि ती रोगाने नाही, माझ्या उतावळेपणाने. बँकेच्या साहेबांची नजर डोक्यातून जात नव्हती. पुढच्या फेब्रुवारीत दुसऱ्या बँकेचे लोक येणार होते. निदान चार कोंब तरी दाखवावेत म्हणून मी डिसेंबरपासून कुंड्यांना पाणी द्यायला लागलो. झोपलेल्या कंदाला मुळं नसतात. तो पाणी पिणार कशाने? मार्चमध्ये कुंड्या उलट्या केल्या तर निम्म्याहून जास्त कंदांचं पिठलं झालेलं. त्यातले काही तीनतीन वर्षं वाढवलेले. दुसरी बँकही आलीच नाही, हा भाग वेगळा. तेव्हापासून नियम: पान लोळलं की कुंडी आडवी करायची आणि एप्रिलच्या शेवटापर्यंत तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

पावसाळ्यातला शत्रू वेगळा. देठ जमिनीलगत मऊ पडतो, पान कोसळतं, आणि मातीवर मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसतात. ही स्क्लेरोशियम बुरशी. निचरा नसेल तर आठवड्यात ओळच्या ओळ जाते. जांभ्याचा चुरा, उंच गादीवाफे, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी यांनी ती बरीच आटोक्यात आली. पूर्ण गेली असं म्हणणार नाही.

विकायचा माल झोपेतच पाठवावा लागतो. मातीविना, तुसात आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, जानेवारी ते एप्रिल. आणि गिऱ्हाइकाला धीर नसतो. "तीन आठवडे झाले, काही आलं नाही. तुमचा कंद मेलेला होता." असे फोन रोज. डोंबिवलीच्या एका ताईंनी तर रागाने कंद कोथिंबिरीच्या कुंडीत फेकला आणि पैसे परत घेतले. जूनमध्ये त्यांचाच फोन आला, कोथिंबिरीतून काहीतरी ठिपक्याठिपक्यांचं सापासारखं वर आलंय, हात लावू का? त्यांनी पैसे पुन्हा पाठवले, वर दोन कंद आणखी मागवले. आता प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी असते: 'मी मेलेलो नाही. जूनपर्यंत थांबा. वास आला तर प्लंबरला बोलावू नका.'

२०२० च्या मार्चअखेर लॉकडाऊन लागला तेव्हा बांधून तयार असलेली दोनशेच्या वर खोकी पडवीत होती. कुरिअर बंद. महिनाभराने ती खोक्यातल्या खोक्यातच फुलायला लागली. सुरण, सॉरोमॅटम, सगळे एकदम. पडवीत पाऊल टाकवत नव्हतं. सरपंच तोंडाला मास्क लावून आले आणि तरी नाक दाबूनच बोलले: ढोर मेलंय का कुठे? मी चाळीसेक फुलं गोठ्यात हलवली, आणि मग लक्षात आलं की एकाच वेळी इतकी फुलं आपल्याला पूर्वी कधीच मिळाली नव्हती. ब्रशने एकाचा पराग दुसऱ्याला लावत गेलो. माझ्या हातून सुरणाचं भरघोस बी धरलं ते त्या वर्षी. लालभडक कणसं.

बी धरलेल्या कुंड्या मी घरात घेतल्या होत्या म्हणून वाचल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. शेडनेट, पाइप, अँगल, सगळं शेजारच्या आंब्यावर. तो आंबाही गेला. शेजारच्या गुलाबवाल्या नर्सरीचं काहीही उरलं नाही. आमचे कंद जमिनीखाली झोपलेले होते. पंधरा दिवसांनी, मोडक्या सांगाड्यात, पानं वर आली.

शेवळ्याबद्दल न सांगता हे पूर्ण होणार नाही. पहिल्या पावसाच्या आसपास कर्जत, पनवेल, कल्याण, ठाण्याच्या बाजारात ठाकर, कातकरी बाया शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात, सोबत खाज मारायला आंबट काकडं. हा शेवळा आपल्या सह्याद्रीचाच, जगात दुसरीकडे उगवत नाही. आपण जी भाजी करतो ते त्याचं न उमललेलं फूल. आतला पिवळा दांडा काढून टाकतो, कारण जास्त खाज त्यात. म्हणजे जितकी जुडी बाजारात, तितकं बी जंगलात कमी. आमच्याकडे दर जूनला येणाऱ्या एक ठाकर मावशी आहेत. एकदा त्या म्हणाल्या, "आधी वाडीच्या मागंच मिळायची. आता डोंगराच्या पल्याड जावं लागतं." मी त्यांच्याकडून फुलं विकत घ्यायचं थांबवून, आधीच सांगून ठेवलेली चार झाडं बी पिकेपर्यंत राखायचे पैसे द्यायला लागलो. मावशींना सुरुवातीला वाटलं माझं डोकं फिरलंय. न तोडण्याचे पैसे कोण देतं?

म्हणून जंगलातून खणलेला कंद आम्ही विकत नाही, कितीही किंमत येवो. कोकणातल्या एका जातीला तर विज्ञानात नाव मिळालं तेच मुळी १९९४ मध्ये: ॲमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस (ॲमॉर्फोफॅलस हे सुरण-शेवळ्याच्या गटाचं शास्त्रीय नाव). शिवाजी विद्यापीठाचे प्रा. एस. आर. यादव हे ते नाव देणाऱ्यांपैकी एक. तिची मागणी अधूनमधून येते. आमच्याकडे ती नाही, आणि कुठून खणून आणणारही नाही.

सुरणाचा सुमात्रातला राक्षसी भाऊबंद टायटॅनम मिळेल का, हे विचारणारे महिन्याला दहा तरी. बेक्कारी या इटालियन माणसाने तो १८७८ मध्ये शोधला, लंडनच्या क्यू बागेत १८८९ मध्ये तो पहिल्यांदा फुलला आणि एडिंबरोच्या बागेत त्याचा एक कंद १५३.९ किलोचा भरला. हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण त्याला वर्षभर लागणारी दमट ऊब कर्जतच्या हिवाळ्यात द्यायची म्हणजे काचघर आणि विजेचं बिल आलं. नाही परवडत. (शाळेच्या सहली येतात तेव्हा ॲमॉर्फोफॅलस या नावाचा अर्थ कोणी ना कोणी विचारतंच. "बेढब दांड्याचा" असं सांगून मी पुढच्या वाफ्याकडे वळतो. बाई गालात हसतात.)

मावशींनी राखलेल्या बियांपासून केलेली शेवळ्याची पहिली रोपं यंदा चौथ्या वर्षात आली. जूनच्या पहिल्या सरीनंतर अकरा फुलांची टोकं वर दिसली. मी मोजून पट्ट्या लावल्या आणि घरात बजावलं, एकालाही हात लावायचा नाही, सगळी बियाला. संध्याकाळी तालुक्याहून परत आलो तर आठच होती. चुलीवर काकडं उकळत होती. बायको म्हणाली, "चार वर्षं मी पण थांबलेय." भाजीत सोडे घातले होते.