पोत काळी काहून नाही पडत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते. लग्न असो की बारसं, कुणीतरी माझ्या गळ्याकडे बघून म्हणतंच, “काकू, एक ग्रॅमचीच ना? मंग काळी काहून नाही पडत?” काही लावत नाही हो मी. लागू देत नाही. घाम, साबण, पावडर, हळद, काहीच नाही. नटून झाल्यावर सगळ्यात शेवटी घालायची, घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायची. मऊ सुती कपड्यानं पुसून, वाळली की झिपच्या पिशवीत हवा दाबून ठेवायची. एका पिशवीत एकच नग. सोबत खडूचा तुकडा, तो ओल ओढतो. झालं.

शिकले कशी, ते कुणी विचारत नाही. पहिली पोत मी घरच्याच कापसात गुंडाळली होती. आमच्याकडे कापसाला काय तोटा! पावसाळाभर त्या कापसानं ओल धरली. वैशाखात, भाचीच्या हळदीच्या आदल्या रात्री काढली तर काळवंडलेली. मग चिंचेचा कोळ, जुना ब्रश आणि घासघास. सासूबाई खऱ्या पाटल्या रिठ्यानं घासायच्या, मला वाटलं तसंच. पण एक ग्रॅमच्या पोतीवरचा सोन्याचा मुलामा १ मायक्रॉनहूनही पातळ असतो, डोक्यावरचा केस त्याच्या ५० पट तरी जाड. घासून जे लखलखलं ते खालचं तांबं होतं. मी आपली खूश.

दुसऱ्या दिवशी मांडवात पारा ४५ वर. पंगत वाढताना जाऊबाईंनी थांबवलं, माझ्या मानेवरून पदर फिरवला आणि चौघींना दाखवला. हिरवा. “अवं, हे कायचं लागलं वं तुले?” बायका हसल्या. एकीनं विचारलं, “मंग खरी कुठं हाय?” म्हटलं, बँकेत. खोटं नव्हतं ते. दुबार पेरणीच्या साली तारण ठेवलेली, अजून तिथंच आहे. हातातली बुंदीची परात मी खाली ठेवली नाही. शेवटच्या पानापर्यंत वाढलं, फक्त त्यांच्याकडे पाठ होऊ दिली नाही.

आधी मीच म्हणायचे, खोट्याची कसली निगा? गेली की दुसरी. नणंद अजून तेच म्हणते. असेल तिचं बरोबर. मी मात्र वर्षाआड सोन्याचं पाणी चढवून आणते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गावच्या सोनाराकडे नाही नेत. तालुक्याला जाते.