जुलैअखेरची नोंद: कॅसेट, शाईपेन आणि मराठी ‘ल’

सद्यःस्थिती: गाण्याच्या २२ कॅसेटपैकी ९ संगणकावर उतरवून झाल्या, एबोनाइटच्या (कडक रबराच्या) पेनाचं शाई ओकणं थांबलं आणि ई-रीडरवरचा ‘ल’ ठिकाणावर आला. सगळ्यात जास्त वेळ कॅसेटनी खाल्ला, म्हणून आधी त्या.

दमट हवेत फितीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालायचीच नाही. ते ठिपके म्हणजे बुरशी; ती हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते. आधी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत दोन-तीन दिवस ठेवायची. उन्हात अजिबात नाही, कवच वाकतं. मग नाकावर मास्क लावून एखाद्या टाकाऊ प्लेयरमध्ये मऊ कापड फितीला हलकंच टेकवत पुढे-मागे फिरवायची. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आणि कॅपस्टन (फीत ओढणारी धातूची दांडी) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. रबरी रोलरला मात्र साबणाचं पाणी, कारण अल्कोहोलने रबर हळूहळू कडक होतं. सॅनिटायझर चालत नाही. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं.

आवाज येतो-जातो, मधूनच बोदा होतो, असं असेल तर हेडकडे वळण्याआधी कॅसेटच्या पोटातली फेल्टची गादी पाहा. तिचा गोंद वाळतो आणि ती पडते. कवच स्क्रूचं असेल तर टेबलावर आडवं ठेवूनच उघडा, नाहीतर रिळं उडी मारतात. कवच चिकटवलेलं असेल तर शिवणीवर कापून फीत दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात हलवावी लागते.

गादी ठीक आहे, तरी तारसप्तक झाकलेलंच? मग अॅझिमथ, म्हणजे फितीशी हेडचा कोन. हेडशेजारी स्प्रिंगवरचा एक छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने खुणावून ठेवा. आवाज मोनो करा, कॅसेट चालू असताना स्क्रू अगदी थोडा, जास्तीत जास्त पाव फेरा, फिरवत जा आणि फितीची खरखर सगळ्यात धारदार ऐकू येईल तिथे थांबा. ‘गाणं गोड लागलं की थांबा’ हा सल्ला कुचकामी आहे. गाण्यापेक्षा खरखर जास्त प्रामाणिक असते. घरी भरलेल्या कॅसेट वेगवेगळ्या डेकवर भरलेल्या असतात, त्यामुळे हे दर कॅसेटला नव्याने करायचं. इथे हुकलं तर नंतर इक्वलायझरने कितीही ट्रेबल चढवा, जे उतरलंच नाही ते परत येत नाही.

वेगाचंही तसंच. फीत सेकंदाला ४.७६ सेंमी सरकायला हवी. वेग सुमारे ६ टक्के वाढला की पांढरी एकचा गवई काळी एकमध्ये गायला लागतो. तानपुऱ्यावरून ताडून पाहायला जाऊ नका, मैफलीतला सा ४४० हर्ट्झच्या प्रमाण हिशेबाने लावलेला असेलच असं नाही. ३१५० हर्ट्झची चाचणी कॅसेट लावून मोजा. आकडा हलत राहिला तर मोटरचा रबरी पट्टा सैल आहे. स्थिर पण चुकीचा असेल तर मोटरच्या मागच्या भोकातला बारीक स्क्रू फिरवून जुळवा.

उतरवताना डेकच्या लाइन-आउटमधून खऱ्या स्टिरिओ लाइन-इनच्या यूएसबी साउंड कार्डात. स्वस्त डाँगलचं गुलाबी भोक बहुधा माइकसाठी असतं, मोनो, आणि सिग्नल फाटतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शिखरं उणे ६ डेसिबलच्या आत. सी-६० च्या (साठ मिनिटांच्या कॅसेटच्या) दोन्ही बाजू मिळून वेव्ह फाइल साधारण १ जीबी. फ्लॅक (आवाज न गमावता आवळलेली फाइल) केली की जवळपास निम्मी. ५० हर्ट्झची घुंई आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये नॉइज रिडक्शन (खरखर कमी करणं) वापरताना नमुना तानपुरा सुरू होण्याआधीच्या कोऱ्या फितीचाच घ्या. तानपुरा अखंड वाजतो. तो नमुन्यात सापडला की प्रोग्राम त्यालाच खरखर समजून खातो आणि उरलेलं गाणं पाण्याखालून आल्यासारखं लागतं. ६ डेसिबल पुरे.

या सगळ्याची नोंदवही शाईपेनाने चालते: बाजू, वेग, स्क्रूची जागा. ड्रॉपरने भरायचं एबोनाइटचं पेन शाई संपत आली की ओकतं, कारण बॅरलमधली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाई बाहेर ढकलते. एक तृतीयांश उरली की पुन्हा काठोकाठ भरणं हाच उपाय. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यायचा, व्हॅसलीन नाही. धुताना गरम पाणी नको, काळं एबोनाइट तपकिरी पडतं. धुऊन निघणारी रॉयल ब्लू शाई पावसाळ्यात नोंदवहीला नकोच. एक थेंब पडला की आकडा गेला. आयर्न गॉल (लोहक्षाराची) शाई टिकते, पण पेन वापराविना पडू द्यायचं नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी धुवायचं.

वाचनात एकच दुरुस्ती. स्वतः बनवलेल्या ईपबमध्ये (ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये) ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत होते. फॉन्ट बदलत बसण्याआधी फाइलमधली भाषा पाहावी: तिथे हिंदीचा संकेत ‘एचआय’ होता, तो मराठीचा ‘एमआर’ केला. हे कॅलिबर या ई-पुस्तकांच्या प्रोग्रामच्या संपादकात मेटाडेटात (पुस्तकाच्या माहितीत) आणि प्रत्येक प्रकरणाच्या एचटीएमएल टॅगमध्ये, दोन्हीकडे करावं लागतं. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील आणि वाचक-प्रोग्राम ती मागत असेल तरच फरक दिसतो. ‘दऱ्या’मधला ऱ्य तुटत असेल तर दोष वेगळा: ‘र’ऐवजी नुक्त्याचा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ असं लिहून पाहा.

पुढच्या खेपेला उरलेल्या १३ कॅसेट. त्यातल्या चारांची कवचं चिकटवलेली आहेत.