सोलापूरचा भुईकोट आणि आत्याचं माजघर

सोलापूरला गेलो होतो आत्याच्या भिंतीसाठी. किल्ला झाला तो मधल्या वेळात.

उत्तर कसब्यात तिचा जुना वाडा आहे. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने माजघरातला चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा मारून दिला. "आता पन्नास वर्षं बघायला नको," म्हणाला. दुसऱ्याच पावसाळ्यात कमरेपर्यंत ओल चढली, लोणा फुटला. आता हात लावला की पोपडा हातात येतो. आत्याच्या मते रंग हलका वापरला. त्या जागेवर तिने पेढीचं मोठं कॅलेंडर लावलंय.

गवंडी चारला येणार होता. मार्च लागला की सोलापुरात दहानंतर बाहेर पडण्यात अर्थ नसतो, म्हणून सकाळीच भुईकोट गाठला. बहमनी काळातला किल्ला, दुहेरी तट, बाहेर खंदक, शेजारी सिद्धेश्वर तलाव. १८१८ साली इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला. बुरूज, दरवाजे, बत्तीस खांबी याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, ते तिकडेच वाचा. मी त्या दिवशी दगडांपेक्षा दगडांमधल्या दरजा बघत फिरत होतो.

तटाच्या सावलीत एका दरजेपुढे बराच वेळ उभा राहिलो. बोटभर रुंद. आत चुना, त्यात वाळूचे जाड दाणे आणि मधेच तांदळाएवढ्या शुभ्र गाठी. नीट न मिसळलेल्या चुन्याच्या या गाठी जुन्या कामाची ओळख असतात. कडा झिजून आत गेलेल्या, पण दोन्ही बाजूंचा काळा दगड जसाच्या तसा. मला यातच सगळी गंमत वाटते. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि तो तसाच असायला हवा. भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडते, सोबत आलेले क्षार तिथेच फुलतात, झिजायचं ते चुना झिजतो. शंभरेक वर्षांनी दरजा पुन्हा भरायच्या, की झालं. सिमेंट हे होऊ देत नाही. ते घट्ट बसतं, ओल कोंडते आणि क्षार आत फुलून दगडाचा किंवा विटेचाच पापुद्रा काढतात. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं. तोवर या तटाने कित्येक पावसाळे काढले होते.

चुन्यालाही दुखणी आहेतच. वरून पाणी मुरत राहिलं की ते भरावातला चुना थोडा थोडा विरघळवून नेतं. तोच पुढे तोंडावर येऊन सुकतो आणि पांढरे ओघळ दिसतात. आत पोकळी झाली की भिंतीला पोट सुटतं. शिवाय पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी दरजेत पडतं. वरची फांदी छाटून उपयोग नसतो, मूळ आत जाडच होत राहतं.

चारला गवंडीमामा आले. सत्तरीचे असतील. कॅलेंडर उचललं, थापीच्या मुठीने भिंत ठोकली. बद्द आवाज.

"पोकळ हाय सगळं. काढून टाकू."

"मग परत काय लावायचं?" आत्याचा संशय.

"चुना, आक्का. पहिला होता तोच."

मग मामा सुरू झाले. लहानपणी त्यांनी घाणी बघितलेली: गोल चर, त्यात दगडी चाक, ओढायला बैल. भट्टीत भाजलेली चुनकळी पाण्यात टाकली की उकळ्या फुटायच्या. ते विझवून, दिवसचे दिवस भिजत ठेवून मग वाळूबरोबर मळायचं. गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर हेही पडायचं. हल्ली मिक्सरमध्येही मळतात, पण भिजवायला वेळ द्यावाच लागतो.

"वाळणं येगळं आन् मुरणं येगळं," ते म्हणाले. यात रसायनशास्त्र पुरतं आलं. चुना पक्का होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, आणि त्यासाठी थोडी ओल टिकावी लागते. सोलापूरच्या उन्हात तो आधीच कोरडा पडला तर भुगा होतो. म्हणून गोणपाट लावायचं, ते ओलं ठेवायचं, आणि शक्यतो उन्हाळा टाळायचाच.

"आत्ता सिमिट काढतो. उन्हाळाभर भिंत उघडी ऱ्हाऊ द्या. पाऊस सरला की चुना."

"म्हणजे दिवाळीपर्यंत हे असंच?"

मामांनी उत्तर न देता छिन्नी लावली. दोन घावांत परातीएवढा तुकडा खाली आला. आतली माती काळी, घामेजलेली. बोट टेकवलं तर ओलं झालं. आत्या बराच वेळ तिथे बघत राहिली, मग कॅलेंडर उचलून म्हणाली, "हे कुठं लावू आता?"