तुमचे गुरू कोण, असं विचारलंत म्हणून

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. ‘तुमचं बोलणं फिरून फिरून अध्यात्माकडे येतं, पण कुणाचा अनुग्रह घेतलेला दिसत नाही. मग शिकलात कुठून? गुरू कोण तुमचे?’ माझं उत्तर ठरलेलं असायचं: अवधूताचे जे चोवीस, तेच माझे. समोरचा हसायचा, विषय मिटायचा. खरं सांगायचं तर ती पळवाट होती.

ज्यांना ती गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदू राजा एका अवधूताला विचारतो, तुझ्याजवळ काही नाही, तू काही करतही नाहीस, तरी एवढा आनंदात कसा? उत्तरादाखल अवधूत २४ गुरू मोजून दाखवतो. पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी, कोळी. याच स्कंधावरची नाथांची ओवीबद्ध टीका १५७३ मध्ये काशीत पुरी झाली, त्यामुळे मराठी वाचकाला ही यादी तशी परकी नाही. मला त्यातला बाण करणारा फार आवडायचा. हातातल्या बाणात इतका गढलेला, की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही.

त्या नादात मी एक वही घातली होती. रोज दिसेल त्यातून एक बोध टिपायचा. वाकलेली फांदी, गळका नळ, रांगेत पुढे घुसणारा माणूस. वर्षभराने वही वाचायला घेतली आणि एक गोष्ट ध्यानात आली: जवळजवळ सगळे बोध दुसऱ्यांसाठी होते. लोकांनी नम्र व्हावं, लोकांनी थांबायला शिकावं. मी आपली कडेला पेन घेऊन बसलेली.

वहीत न आलेला एक प्रसंग मात्र अजून पुसला जात नाही. रात्रीची गाडी होती. मी चढले तर माझ्या खालच्या बर्थवर साठीच्या पुढचे एक गृहस्थ गाढ झोपलेले. मी त्यांना हलवून उठवलं. ‘अहो, ही माझी जागा आहे.’ आवाज चढलेला नव्हता, पण ठाम होता. तो ठामपणा माझा मलाच आवडला होता. ते गडबडीने उठले, खिसे चाचपले, मग चादर गोळा केली, पायाने अंधारात चपला शोधल्या आणि समोरच्या बाकाच्या टोकाला अंग चोरून बसले. मी अंथरूण घालून आडवी झाले. अर्ध्या-पाऊण तासाने तिकीट तपासनीस आला. ‘ताई, जागा बरोबर आहे, पण डबा पुढचा.’

मला काही सुचेना. माफी मागितली तर ते गृहस्थच ओशाळल्यासारखे झाले. म्हणाले, ‘चष्मा सापडत नव्हता हो. म्हटलं, तुम्ही वाचलंय म्हणजे बरोबरच असणार.’

सामान ओढत पुढच्या डब्यात गेले, पण झोप कुठली? चूक कुणाच्याही हातून होते, त्याचं एवढं नाही. छळत होतं ते दुसरंच. त्यांना उठवताना मला जी खात्री वाटत होती, तीत आणि मी खरोखर बरोबर असते तेव्हाच्या खात्रीत तसूभरही फरक नव्हता. मग आजवर ज्या ज्या भांडणांत मला शंभर टक्के खात्री होती, त्यांतल्या किती वेळा डबा पुढचा होता? ते सांगायला तिथे तपासनीस आलेला नव्हता, एवढंच. एका मैत्रिणीशी मी सहा वर्षं बोलत नव्हते. त्या आठवड्यात तिला फोन केला. (ती म्हणाली, चूक निम्मी माझीच होती. त्यावरूनही आमचं थोडं वाजलं.)

पुढे कधीतरी तो स्कंध पुन्हा वाचायला घेतला आणि यावेळी कपोतापाशी अडले. पिल्लं जाळ्यात सापडतात, त्यांच्यामागे मादी उडी घेते, मग नरही. अवधूत त्यातून आसक्तीचा धडा घेतो. मला मात्र राहून राहून वाटतं, कुणीतरी ते जाळं कापायला हवं होतं. असं वाटायचं कारण आहे. एकदा रुग्णालयात रात्री शेजारच्या बाकावर एक बाई तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि माझ्या मनात चक्क वाक्यं जुळायला लागली होती, क्षणभंगुरतेवरची. स्वतःचीच शिसारी आली. उठून पाणी आणून दिलं. तिने दोन घोट घेतले आणि रिकामा पेला बराच वेळ हातातच धरून ठेवला. मी गप्प बसून राहिले.

आता ती यादी पाहते तेव्हा आणखी एक गंमत जाणवते. त्या २४ जणांपैकी निदान पाच तरी फसलेले आहेत. पतंग रूपाला भुलला, हरीण गाण्याला, मासा गळावरच्या आमिषाला. हत्ती आणि कपोत तर आहेतच. शहाणपणामुळे नव्हे, चुकल्यामुळे त्यांची यादीत वर्णी लागली. तेव्हा माझे गुरू कोण, याला उत्तर म्हणून नाव-गाव ठाऊक नसलेले ते चष्मा हरवलेले गृहस्थ सांगेन. आणि त्यांचीही अशी एखादी यादी असलीच, तर मी तीत असणार, हरणाच्या नाहीतर माशाच्या शेजारी कुठेतरी.